विश्लेषण : शाळेत जर्मन, फ्रेंच, जपानी शिकून मुलांना नेमके काय मिळते?

इयत्ता पाचवी संपली की सीबीएसईच्या अनेक शाळांतून घरी एक अर्ज येतो. तिसरी भाषा कोणती, या प्रश्नापुढे संस्कृत, फ्रेंच, जर्मन असे पर्याय असतात आणि एकावर खूण करायची असते. दहावी झाल्यावर अकरावीच्या प्रवेश अर्जातही मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन, फ्रेंच की माहिती तंत्रज्ञान, असाच प्रश्न पुन्हा समोर येतो. ‘गुण चांगले मिळतात’ किंवा ‘पुढे परदेशात उपयोग होईल’ एवढ्या दोन वाक्यांवर हा निर्णय होतो. नवे शैक्षणिक धोरण, जर्मनी आणि जपानमधील मनुष्यबळाची टंचाई आणि राज्यातील भाषावाद यामुळे या साध्या वाटणाऱ्या निवडीला आता वेगळे महत्त्व आले आहे.

शालेय शिक्षणात परदेशी भाषा कधी येते?

ते शाळा कोणत्या मंडळाशी संलग्न आहे, यावर ठरते. सीबीएसईच्या खासगी शाळांमध्ये साधारण सहावीपासून तिसरी भाषा म्हणून फ्रेंच किंवा जर्मनचा पर्याय दिला जातो. काही शाळांत स्पॅनिश आणि जपानीही असते. आतापर्यंत अनेक शाळांत आठवीनंतर तिसरी भाषा सुटत असे. नववी-दहावीला इंग्रजी आणि आणखी एक भाषा घेऊन विद्यार्थी मंडळाची परीक्षा देत. ती दुसरी भाषा फ्रेंच किंवा जर्मन असू शकत होती. आयसीएसई मंडळातही दुसऱ्या भाषेच्या यादीत परदेशी भाषा आहेत. आयबीच्या पदविका अभ्यासक्रमात तर मातृभाषेखेरीज आणखी एक भाषा शिकणे हा अनिवार्य गट आहे. मुंबई, पुण्यातील आंतरराष्ट्रीय शाळांत त्या गटात फ्रेंच आणि स्पॅनिश हे पर्याय ठरलेले असतात.

राज्य मंडळाच्या मुलांची परदेशी भाषेशी पहिली गाठ बहुधा कनिष्ठ महाविद्यालयात पडते. अकरावी-बारावीला इंग्रजीखेरीज जी दुसरी भाषा घ्यायची असते, तिच्या पर्यायांत जर्मन, फ्रेंच आणि इतर काही परदेशी भाषा आहेत. गोव्यातील स्थिती आणखी निराळी आहे. १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगीज ही राज्यकारभाराची भाषा होती. आजही तेथील अनेक माध्यमिक शाळांमध्ये तिसरी भाषा म्हणून पोर्तुगीज शिकवली जाते आणि गोवा विद्यापीठात तिचा स्वतंत्र अभ्यास होतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण काय सांगते?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर परदेशी भाषा उपलब्ध करून द्याव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन अशी आठ भाषांची नावे त्यात उदाहरणादाखल दिली आहेत. २०१९ च्या मसुद्यात चिनी भाषेचा उल्लेख होता. अंतिम धोरणात तो नव्हता. पूर्व लडाखमधील संघर्षानंतर काही आठवड्यांतच धोरण जाहीर झाल्याने त्याची बरीच चर्चा झाली होती.

मात्र खरी मेख पुढे आहे. याच धोरणानुसार विद्यार्थ्याने शिकायच्या तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असल्या पाहिजेत. २०२३ मध्ये आलेल्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत तीन भाषा आणि त्यापैकी दोन भारतीय हे सूत्र कायम ठेवले. अकरावी-बारावीसाठी दोन भाषा, त्यापैकी किमान एक भारतीय, असे सुचवले. या हिशेबात इंग्रजी भारतीय भाषा धरली जात नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी असणारच. उरलेल्या दोन्ही जागा भारतीय भाषांच्या, म्हणजे उदाहरणार्थ मराठी आणि हिंदी किंवा मराठी आणि संस्कृत. मग फ्रेंच-जर्मनला चौथी, जादा भाषा होण्याखेरीज मार्ग उरत नाही. एकीकडे धोरण परदेशी भाषांचे स्वागत करते आणि दुसरीकडे वेळापत्रकातील त्यांची जागा आक्रसते. आज सहावीत जर्मन घेणाऱ्या मुलाच्या पालकांनी ‘दहावीपर्यंत ही भाषा राहणार का?’ हा प्रश्न शाळेला आधीच विचारायला हवा, तो यामुळेच.

असा बदल पूर्वी झाला होता का?

झाला होता आणि त्याचा फटका मुलांनाच बसला होता. २०११ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटनेने जर्मनीच्या गोएथे इन्स्टिट्यूटशी, म्हणजेच भारतातील मॅक्सम्युलर भवनाशी करार केला आणि सहावी ते आठवीत संस्कृतला पर्याय म्हणून जर्मन भाषा आणली. तीन वर्षांत देशभरातील सुमारे ७० हजार विद्यार्थी ती शिकू लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये संघटनेच्या नियामक मंडळाने तिसरी भाषा म्हणून जर्मन बंद करण्याचा निर्णय घेतला. त्रिभाषा सूत्रात परदेशी भाषा बसत नाही, अशी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री स्मृती इराणी यांची भूमिका होती. शैक्षणिक वर्ष अर्धे सरले असताना मुलांनी जर्मन सोडून संस्कृत कसे धरायचे, हा प्रश्न घेऊन पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वर्षापुरती संस्कृतची परीक्षा घेणार नाही, असे केंद्राला सांगावे लागले. ब्रिस्बेनमधील जी-२० परिषदेत जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्याकडे हा विषय काढला. पुढे जर्मन ही जादा भाषा म्हणून शिकण्याची मुभा राहिली.

वादात संस्कृत विरुद्ध जर्मन असे चित्र रंगले, तरी मुळातील दोष नियोजनाचा होता. करार झाला तेव्हा ही भाषा त्रिभाषा सूत्रात कोठे बसते, हे तपासले गेले नाही. निर्णय फिरवताना मुलांच्या वर्षाचा विचार झाला नाही.

विद्यार्थी परदेशी भाषा का निवडतात?

सर्वांत मोठे कारण गुण. राज्य मंडळाच्या शाळांत दहावीला संस्कृत घेण्यामागे जे गणित असते, तेच फ्रेंच-जर्मनमागेही असते. नवशिक्या विद्यार्थ्यासाठी अभ्यासक्रमाची पातळी प्राथमिक असते. परिचय देणे, दिनक्रम सांगणे, मित्राला पत्र लिहिणे, रिकाम्या जागा भरणे, क्रियापदाचे योग्य रूप वापरणे असे प्रश्न असतात. उत्तर बरोबर किंवा चूक एवढेच ठरते. मराठी किंवा हिंदीच्या निबंधात, रसग्रहणात जसे गुण कापले जातात, तसे येथे घडत नाही. अकरावी विज्ञान शाखेत तर जेईई, नीटच्या तयारीत कमी वेळ खाणारा विषय म्हणून तिच्याकडे पाहिले जाते.

दुसरे कारण परदेशातील शिक्षण आणि नोकरी. तिसरे कारण अलीकडचे आहे. कोरियन मालिका आणि गाणी, जपानी ॲनिमे, फुटबॉलचे स्पॅनिश-जर्मन क्लब यांतून मुलांना भाषेची ओढ लागते. शिक्षकांच्या दृष्टीने हे कारण सर्वांत टिकाऊ. गुणांसाठी घेतलेली भाषा निकालाबरोबर सुटते, आवडीने घेतलेली भाषा मूल शाळेबाहेरही ऐकत राहते.

शाळेच्या तासिकांतून भाषा येते का?

आकडेमोड करून पाहिल्यास उत्तर मिळते. युरोपीय भाषांची पातळी ए १, ए २, बी १, बी २, सी १, सी २ अशा सहा पायऱ्यांवर मोजतात. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार, पूर्वतयारी आणि शिकण्याची गती पाहता, जर्मनच्या ए १ पायरीसाठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात. ए २ पर्यंत एकूण २०० ते ३५०, बी १ पर्यंत ३५० ते ६५० आणि बी २ पर्यंत ६०० ते ८०० तासिका.

आता शाळेचे वेळापत्रक घेऊ. आठवड्याला तिसऱ्या भाषेच्या तीन तासिका, प्रत्येकी ३५ मिनिटांची आणि वर्षात ३५ आठवडे प्रत्यक्ष अध्यापन धरले, तर वर्षाला सुमारे ६१ तास होतात. ४५ मिनिटांच्या हिशेबात ८२ तासिका. सहावी ते आठवी या तीन वर्षांत जेमतेम २४५. म्हणजे सर्व तासिका झाल्या, एकही स्नेहसंमेलनाच्या तालमीत गेली नाही, तरी मूल कागदावर ए २ च्या उंबरठ्यावर पोहोचते. बाजारात भाव विचारणे, रस्ता सांगणे, स्वतःच्या घराविषयी चार वाक्ये बोलणे एवढे या पातळीवर जमते. व्याख्यान समजणे किंवा कार्यालयीन पत्र लिहिणे जमत नाही.

शिवाय वर्गात ४० मुले असतात. शिक्षकांनी १५ मिनिटे शिकवले, तर बोलण्यासाठी २० मिनिटे उरतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला अर्धे मिनिट. लेखी परीक्षेला बहुतांश गुण असल्याने ते अर्धे मिनिटही अनेकदा व्याकरणाच्या तक्त्यात जाते. दहावीला ९५ गुण मिळवलेला विद्यार्थी समोर जर्मन पाहुणा आल्यावर गप्प होतो, यात त्याचा दोष नसतो. त्याला बोलायला कधी मिळालेलेच नसते.

तरीही शाळेतील ही वर्षे वाया जात नाहीत. उच्चार, लिपी आणि मूलभूत रचना लहान वयात बसल्या की पुढे मोठ्या वयात ती भाषा पुन्हा धरणे सोपे जाते. शाळा पाया देते. त्यावर घर बांधायचे की नाही, हा पुढचा निर्णय असतो.

शाळेतील गुण आणि प्रमाणपत्र यात फरक काय?

परदेशी विद्यापीठ, दूतावास किंवा कंपनी गुणपत्रिकेतील भाषेचे गुण पाहत नाही. त्यांना ठरावीक परीक्षेचे प्रमाणपत्र लागते. जर्मनसाठी गोएथे इन्स्टिट्यूटच्या परीक्षा, फ्रेंचसाठी डेल्फ आणि पुढे डाल्फ, स्पॅनिशसाठी डेले, जपानीसाठी जेएलपीटी, कोरियनसाठी टोपिक या प्रचलित आहेत. गोएथे आणि डेल्फच्या परीक्षांमध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे ही चारही कौशल्ये तपासली जातात. जेएलपीटीत एन ५ ही सर्वांत सोपी आणि एन १ ही सर्वांत अवघड पातळी आहे. या परीक्षेत बोलण्याची चाचणी मात्र नसते. शाळकरी मुलांसाठी जर्मनमध्ये ‘फिट इन डॉइच’ आणि फ्रेंचमध्ये डेल्फची कनिष्ठ आवृत्ती अशा स्वतंत्र परीक्षा आहेत. शाळेने वर्षअखेरीच्या परीक्षेबरोबर या परीक्षांनाही मुलांना बसवले, तर आपले मूल प्रत्यक्षात कोणत्या पायरीवर आहे, हे पालकांना कळते.

नोकरीच्या संधी कितपत खऱ्या आहेत?

संधी खऱ्या आहेत, पण त्या प्राथमिक पातळीवर मिळत नाहीत. जर्मनीची लोकसंख्या वृद्ध होत आहे. परिचारिका, वीजतंत्री, नळजोडणी कामगार, वाहनचालक अशा अनेक क्षेत्रांत तेथे माणसे हवी आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजार करण्याचे जाहीर केले. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा झाला असून २०२३-२४ मध्ये ही संख्या सुमारे ४९ हजार होती. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केला. दहा हजार तरुणांना पाठवण्याचे प्राथमिक उद्दिष्ट त्यात होते आणि त्यासाठी जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाची जबाबदारी शालेय शिक्षण विभागाकडे आली. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची भगिनी शहर आहे.

पण जर्मनीत परिचारिका म्हणून पात्रतेला मान्यता मिळवण्यासाठी साधारणतः बी २ पातळी लागते. काम करता करता शिकण्याच्या ‘आउसबिल्डुंग’ या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी बहुतेक ठिकाणी किमान बी १ मागितली जाते. वर पाहिलेल्या हिशेबानुसार शाळेतून मिळणारी पातळी याच्या एक-दोन पायऱ्या खालची आहे. जपानच्या विशिष्ट कौशल्य कामगार व्हिसासाठी जेएलपीटीची एन ४ किंवा तत्सम प्राथमिक चाचणी पुरते. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. त्यात भारतातून जाणारे ५० हजार कुशल कामगार आणि उमेदवार आहेत. फ्रान्सने २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थ्यांना सामावून घेण्याचे लक्ष्य ठेवले आहे.

देशात राहूनही संधी आहेत. चाकण परिसरातील जर्मन वाहन कंपन्या, पुण्यातील जपानी कंपन्यांना सेवा देणारे माहिती तंत्रज्ञान उद्योग, बँकांची आणि विमा कंपन्यांची युरोपसाठी चालणारी कार्यालये यांना भाषा येणारे अभियंते आणि लेखापाल हवे असतात. येथे ‘भाषा आणि आणखी एक कौशल्य’ अशी जोड लागते. केवळ भाषेवर उपजीविका करायची, तर अनुवाद, दुभाषीपण आणि अध्यापन हे मार्ग उरतात आणि त्यांना सी १ च्या आसपासची तयारी लागते. यंत्रानुवादामुळे साध्या मजकुराच्या अनुवादाचे काम घटत चालले आहे, हेही लक्षात घ्यावे लागेल.

मराठी मुलांना कोणती भाषा सोपी जाते?

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेच्या वर्गवारीत फ्रेंच आणि स्पॅनिश सोप्या, जर्मन थोडी अवघड आणि जपानी, कोरियन, चिनी, अरबी सर्वांत कठीण गटात आहेत. जपानीसाठी तेथे ८८ आठवडे, सुमारे २२०० तास धरले जातात. पण ती वर्गवारी इंग्रजी भाषकांसाठी आहे. मराठी भाषकाचा हिशेब थोडा निराळा असतो.

जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. इंग्रजी किंवा हिंदी भाषकाला नपुंसकलिंगाची नामे हा गोंधळ वाटतो. मराठी मुलाला ‘तो, ती, ते’ची कल्पना जन्मापासून असते. कोणत्या शब्दाला कोणते लिंग, हे मात्र पाठच करावे लागते. संस्कृतच्या विभक्ती शिकलेल्याला जर्मनच्या चार विभक्ती परक्या वाटत नाहीत. ‘चमचा’मधला च मराठी मुलाच्या जिभेवर असल्याने जर्मनमधील ‘त्साइट’ किंवा जपानीमधील ‘त्सु’ हे उच्चार त्याला सहज जमतात. जपानी वाक्यात क्रियापद मराठीसारखे शेवटी येते आणि नामाला आपल्या प्रत्ययांसारखे छोटे शब्द जोडले जातात. हिरागाना वर्णमालेतील क-स-त-न-ह-म-य-र-व हा क्रमदेखील संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून, बौद्ध धर्माबरोबर तेथे गेलेला आहे. अडचण लिपीची आहे. हिरागाना आणि काताकानाची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे महिन्याभरात येतात. नित्य वापरातील कांजी चिन्हे मात्र २१३६ आहेत.

फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतात, तेव्हा गावाकडे ‘चार विसा’ मोजणारी आजी आठवावी. पोर्तुगीज तर पाव, बटाटा, चावी, पगार या शब्दांतून मराठी घरात कधीच शिरली आहे. भाषा शिकवताना मराठीचा असा आधार घेतला, तर मुले लवकर शिकतात. प्रत्यक्षात बहुतेक वर्गांत परदेशी भाषा इंग्रजीच्या माध्यमातून शिकवली जाते आणि मराठी माध्यमातील मुलावर दुहेरी ओझे येते.

ही संधी सर्व मुलांपर्यंत पोहोचते का?

आज तरी नाही. परदेशी भाषा ही प्रामुख्याने शहरातील, इंग्रजी माध्यमाच्या, शुल्क घेणाऱ्या शाळांची सोय आहे. जिल्हा परिषद आणि अनुदानित मराठी शाळांमध्ये तिच्यासाठी मंजूर पद नसते. खासगी वर्गाची एकेका पातळीची फी ग्रामीण कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते. विरोधाभास असा की, परिचारिका, वीजतंत्री, काळजीवाहक म्हणून जर्मनी किंवा जपानला जाण्याची शक्यता ज्या घरांतील मुलांची अधिक, त्याच घरांतील मुलांना शाळेत ही भाषा मिळत नाही. ज्यांना मिळते, त्यांतील अनेक जण ती गुणांपुरती घेतात.

अपवाद आहेत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडिवाट येथील जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांनाच कोणती परदेशी भाषा शिकायची, असे विचारले. यंत्रमानव आणि तंत्रज्ञानाचे आकर्षण असलेल्या अनेक मुलांनी जपानी निवडली. तज्ज्ञ शिक्षक गावात मिळणे शक्य नव्हते. चित्रफिती, अनुवादाची ॲप आणि नंतर भाषातज्ज्ञांचे विनामूल्य ऑनलाइन वर्ग यांच्या आधारे मुले शिकू लागली. इच्छा आणि इंटरनेट असेल तर काय होऊ शकते, हे या शाळेने दाखवले. पण एका शाळेची जिद्द ही व्यवस्था नसते.

खरा तुटवडा शिक्षकांचा आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातील विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग, मॅक्सम्युलर भवन आणि आलियाँस फ्राँसेझ यांमुळे आणि जपानीच्या दीर्घ परंपरेमुळे भाषा जाणणारे मनुष्यबळ आहे. पण उत्तम भाषा येणाऱ्याला उद्योगक्षेत्रात शाळेच्या कंत्राटी वेतनाच्या कितीतरी पट अधिक पैसे मिळतात. परिणामी अनेक शाळांत तासिका तत्त्वावरील शिक्षक दर वर्षी बदलतात आणि मुले दर वर्षी ‘माझे नाव’पासून सुरुवात करतात.

मराठी आणि संस्कृतचे काय?

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानुसार सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. त्यामुळे शाळेच्या स्तरावर परदेशी भाषेची स्पर्धा मराठीशी नसून हिंदी आणि संस्कृतशी असते. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय तीव्र विरोधानंतर २९ जूनला मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वादात मुलाच्या दप्तरात किती भाषा आणि कोणत्या वयात, हा प्रश्न ऐरणीवर आला. परदेशी भाषेलाही तो तेवढाच लागू होतो.

अकरावी-बारावीला चित्र बदलते. तेथे मराठीची सक्ती नाही. जर्मन, फ्रेंच आणि त्याहूनही अधिक माहिती तंत्रज्ञान या विषयाकडे मुले वळली, की मराठीचे वर्ग रोडावतात आणि शिक्षकांचा कार्यभार घटतो. ही चिंता रास्त आहे. मात्र परदेशी भाषेवर बंदी हा त्यावरचा उपाय नव्हे. ज्या मुलाला स्वतःच्या भाषेत नीट परिच्छेद लिहिता येतो, ते मूल दुसरी भाषाही चटकन उचलते, हे भाषाशिक्षकांचे नेहमीचे निरीक्षण आहे. मराठीची तासिका कापून जर्मन देणे म्हणजे पाया काढून मजला चढवणे ठरते.

इतर देशांचा अनुभव काय?

युरोपीय महासंघाने २००२ च्या बार्सिलोना परिषदेत मातृभाषेखेरीज दोन भाषा लहान वयापासून शिकवण्याचे उद्दिष्ट ठेवले. तेथील बहुतेक देशांत पहिली परदेशी भाषा प्राथमिक शाळेतच सुरू होते आणि ती वर्षानुवर्षे सलग शिकवली जाते. इंग्लंडने उलट वाट धरली. २००४ मध्ये चौदाव्या वर्षानंतर परदेशी भाषा ऐच्छिक झाली. त्यानंतर जीसीएसई परीक्षेला फ्रेंच आणि जर्मन घेणाऱ्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटली. ‘भाषेत गुण मिळवणे अवघड’ ही तेथील मुलांची तक्रार आहे. आपल्याकडे नेमके उलटे, गुण सहज मिळतात म्हणून ती घेतली जाते. दोन्हीकडे गुणांनीच भाषेचे भवितव्य ठरवले.

निवड करताना काय पाहावे?

पहिली बाब सातत्याची. शाळेत ही भाषा किती वर्षे, आठवड्याला किती तासिका आहे आणि ती दहावीपर्यंत राहणार का, हे लेखी विचारावे. दुसरी शिक्षकांची. शिकवणाऱ्यांची स्वतःची पातळी किमान बी २ आहे का आणि ते गेल्या वर्षीही त्याच शाळेत होते का, हे पाहावे. तिसरी बाब बोलण्याची. वर्गात तोंडी काम होते का, हे मुलालाच विचारले तर कळते. चौथी हेतूची. केवळ गुण हवे असतील, तर तसे मान्य करून भाषा घेण्यात गैर काही नाही. फक्त त्या गुणांना परदेशाचे तिकीट समजू नये. परदेशात शिकायचे असेल, तर दहावीपर्यंत ए २ आणि बारावीनंतर बी १ कडे वाटचाल, असा टप्पा ठरवून शाळेबाहेरचा वेळ त्यासाठी राखावा लागेल.

शासनापुढचा प्रश्न याहून मोठा आहे. परदेशांशी मनुष्यबळाचे करार करायचे आणि भाषेचे शिक्षण मात्र पदवीनंतरच्या सहा महिन्यांच्या वर्गावर सोडायचे, हे गणित जुळणारे नाही. तालुक्याच्या ठिकाणी निवडक माध्यमिक शाळांत आठवीपासून ऐच्छिक, विनाशुल्क आणि सलग पाच वर्षे चालणारा वर्ग, त्याला कायम शिक्षक आणि शेवटी प्रमाणपत्र परीक्षेचे शुल्क शासनाकडून, एवढे झाले तरी परदेशी भाषा हा केवळ शहरी शाळांच्या माहितीपुस्तिकेतील आकर्षणाचा मुद्दा राहणार नाही. तोपर्यंत अर्जातील त्या एका खुणेचा अर्थ मूल कोणत्या शाळेत आहे, यावरच अवलंबून राहील.